अठरा की ऐंशी

१

एकाच विहिरीचं पाणी प्यायला योग्य आणि अयोग्य दोन्ही कसं असू शकतं, हा प्रश्न घेऊन मनकर्णाबाई आमच्या प्रयोगशाळेत शिरल्या तेव्हा मी टाइपरायटरची फीत बदलत होतो. १९८४ सालच्या एप्रिलातली दुपार होती. माझी दहाही बोटं काळी होती, त्यामुळे बाईंनी पुढे केलेले दोन कागद मला धरता येईनात. त्यांनी ते माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा वर सरकवला.

मी अनंत बावनकर, इथला टंकलेखक. नागपूर आणि भोवतालच्या तालुक्यांतल्या विहिरींचं पाणी आमच्याकडे बाटल्यांतून येतं आणि त्याचा निकाल माझ्या बोटांतून बाहेर पडतो. दिवसाला तीस-तीस अहवाल टाइप करतो. चूक होत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पण सांगतो.

पहिला कागद आमचाच होता. नंदनवनातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या नव्या विहिरीचा अहवाल. नायट्रेट अठरा. मर्यादा पंचेचाळीस. पिण्यास योग्य. खाली आमच्या रसायनतज्ज्ञ प्रेमिलाताई मेश्राम यांची सही आणि शेजारी मुख्य रसायनतज्ज्ञ गोपाळरावांची प्रतिस्वाक्षरी. दुसरा कागद एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला होता. तीच विहीर, नायट्रेट ऐंशी.

"पंधरा दिवसांत पानी इतकं बिघडते का, बाबू?" बाईंनी विचारलं. "माह्या नातवाले वरचं दूध त्याच पान्यात बनवून देत होतो आम्ही. तीन महिन्याचं लेकरू. ओठ निळे पडले त्याचे. डॉक्टर हुशार निघाला, पहिले पानी बदललं, मग इलाज केला. आता पोरगं ठीक आहे, सगळी आळी जागवून राहिलं. पन हे अठरा कोनं लिहिले, ते मले पाहिजे."

मनकर्णाबाई निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवलं. निम्म्या नागपुराला त्रैराशिक त्यांनीच शिकवलं, आणि उरलेल्या निम्म्याला ते येत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

पाच मिनिटांत आम्ही सगळे गोपाळरावसाहेबांच्या खोलीत उभे होतो. साहेब निवृत्तीला चार महिने उरलेले, शिस्तीचे, आवाज खणखणीत. महिन्याभरापूर्वीच त्यांनी परिपत्रक काढलं होतं की कार्यालयात कोणीही टेबलावर काही खाऊ-पिऊ नये, कारण मुंग्या होतात आणि कागद खराब होतात. तेव्हापासून आम्ही चहाही अंगणात उभ्यानं पीत होतो.

"मेश्राम बाई, ही सही तुमची आहे?"

प्रेमिलाताईंनी कागद हातात घेतला. त्या उमरेडच्या. वडील रामाजी हातमागावर विणणारे, आणि त्यांच्या घराण्यात रसायनशास्त्र शिकलेल्या ह्या पहिल्याच. परिविक्षेची दोन वर्षं संपत आली होती आणि त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव दुसऱ्याच दिवशी दुपारी वरच्या कार्यालयात जायचा होता. त्यांच्या प्रकरणात एक जरी मेमो लागला असता तरी नोकरी गेली असती. ही गोष्ट त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होती.

"सही माझी आहे, सर," त्या म्हणाल्या. "आकडा माझा नाही. मी ऐंशी लिहिलं होतं. पिण्यास अयोग्य."

२

साहेब कडाडले. सही करून आकडा नाकारायचा म्हणजे काय? प्रेमिलाताईंनी लपवाछपवी केली नाही. अहवाल निघाला त्या सोमवारी सकाळी सह्यांसाठी वीस-बावीस अहवाल समोर होते, अनंतचं टायपिंग चुकत नाही म्हणून वाचले नाहीत, सह्या करत गेले, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. म्हणजे माझ्या लौकिकानंच त्यांचा घात केला होता. मला अभिमान वाटावा की लाज, ते कळेना.

"मग अनंतनं चूक केली," साहेब म्हणाले.

मी कागद उजेडात धरला आणि मला हायसं वाटलं. त्यातल्या प्रत्येक पूर्णविरामाला भोक पडलं होतं. दहा बोटांनी टाइप करणाऱ्याचा पूर्णविराम कागदाला टेकतो आणि परत येतो. दोन बोटांनी ठोकणाऱ्याचा आरपार जातो.

"हे माझं टायपिंग नाही, साहेब. मशीन माझं आहे. हात दुसऱ्या कोणाचा तरी आहे."

"असं प्रत्येक जणच म्हणणार. मेश्राम बाई, तुमची प्रयोगवही आणा."

वही आली. नंदनवनचं पान उघडलं. पानावर प्रेमिलाताईंच्या गोल अक्षरात, निळ्या शाईत, नायट्रेटसमोर स्पष्ट अठरा लिहिलेलं होतं.

"बघा," साहेब म्हणाले. "वहीतही अठराच आहे. आता बाहेरून ऐंशी आले म्हणून तुम्ही ऐंशी म्हणता."

"सर, वहीत नायट्रोजन आहे. अहवालात नायट्रेट जातं. चार पूर्णांक त्रेचाळीसनं गुणावं लागतं."

खोलीत कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. माझ्या तर नाहीच. मनकर्णाबाई तेवढ्या पुढे सरकल्या. "थांब वं पोरी. माह्यासारख्या म्हातारीले समजन असं सांग."

प्रेमिलाताईंनी क्षणभर विचार केला. "लग्नाले नवरदेव येतो, बाई, तो एकटा येत नाही. नायट्रोजन म्हणजे नवरदेव. त्याचं वजन चौदा. त्याच्यासंगं ऑक्सिजनचे तीन पाहुणे, सोळा-सोळा वजनाचे. नवरदेव आणि पाहुणे मिळून जी वरात होते ती नायट्रेट. आमच्याकडे नळीतल्या रंगावरून जे मोजतो ते नुसत्या नवरदेवाचं वजन, कारण ज्याच्याशी तो रंग ताडून पाहतो ते जोडीले ठेवलेलं प्रमाणद्रावण तसंच बनवलेलं आहे. पण अहवालाच्या छापील नमुन्यात मर्यादा पंचेचाळीस दिली आहे ती सगळ्या वरातीची. म्हणून गुणायचं."

"चौदा अन् अठ्ठेचाळीस, बासष्ट," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून बसचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर गणित मांडलं. "बासष्ट भागिले चौदा, चार पूर्णांक त्रेचाळीस. गुणिले अठरा... एकोणऐंशी पूर्णांक चौऱ्याहत्तर. म्हणजे ऐंशीच. गोपाळराव, पोरगी खरं बोलून राहिली. वहीतले अठरा खरे, कॉलेजातले ऐंशी पन खरे. खोटा आहे तो तुमचा रिपोर्ट. कोनंतरी वहीतला नवरदेव उचलला अन् वरात म्हणून पाठवून देला."

मी साहेबांकडे पाहिलं. ते खुर्चीत मागे टेकले होते आणि वहीकडे टक लावून बघत होते. एवढे गरजणारे साहेब, पण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"ठीक आहे. अनवधानानं झालं असेल. मेश्राम बाई, प्रकरण वाढवण्यात अर्थ नाही. मेमो देत नाही. एक साधी लेखी समज देतो, ती घ्या आणि विषय संपवू."

"समज तरी काहून घेऊ, सर?" प्रेमिलाताई मागे हटल्या नाहीत. रागावल्या की त्या साहेबांशीही उमरेडचं बोलतात. "न वाचता सही केली, त्याची समज द्या, घेतो. पण आकडा मी लिहिला असं त्या कागदावर असन तर मी घेत नाही. उद्या तो कागद माह्या प्रस्तावाले लागन. जिनं नापास विहीर पास केली, तिले कोण कायम करते?"

"प्रस्ताव उद्या किती वाजता निघते?" मनकर्णाबाईंनी मला विचारलं.

"दुपारी दोनला टपाल जातं, बाई."

"मग दोन वाजेपर्यंत उत्तर काढू," त्या म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावली.

३

आता तुम्ही म्हणाल, बाहेरच्या बाईला सरकारी कार्यालयात चौकशी करू दिली कशी? साहेबांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हणण्याचं बळ त्यांच्यात दिसलं नाही. शिवाय आमचा परिचर कवडू हा बाईंचा जुना विद्यार्थी निघाला. पन्नाशीचा माणूस, पण बाई दिसताच त्यानं विडी फेकली आणि ताठ उभा राहिला.

"कवडू, सातचा पाढा अजून येत नसन तुले."

"येते ना, बाई. मधातले दोन सुटतात."

"नंदनवनचं पानी तपासलं त्या दिवसापासून काय काय झालं ते सांग मले. सुटू देऊ नको काही."

कवडूनं सांगितलं ते असं. त्या आठवड्यात शुक्रवारी प्रेमिलाताईंनी नंदनवनची तपासणी पुरी केली आणि पक्का तक्ता करून माझ्याकडे दिला. मी त्यावरून तीन प्रती टाइप केल्या. त्या आणि तक्ता एका फायलीत घालून कवडूनं संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या, कारण आमच्याकडे अहवाल आधी साहेबांच्या नजरेखालून जातात, मग सहीसाठी तपासणाऱ्याकडे. शनिवारी अर्धा दिवस. दीड वाजता सगळे गेले. किल्ल्या दोन, एक साहेबांकडे आणि एक कवडूकडे.

"म्या काही केलं नाही, बाई. मले आकडे वाचता येतात, पन त्या मशीनले हात लावाची हिंमत नाही माही. अनंतबाबू धोपटते."

हे खरं होतं.

"अन् सोमवारी?"

"सोमवारी सह्यांचा गठ्ठा साहेबानंच देला. म्हणे, मेश्राम बाईकडे नेऊन दे. मी नेला. मग साहेबाच्या टेबलाकडे गेलो तर मुंग्याच मुंग्या. म्या हळद टाकली."

"मुंग्या कोठून कोठे जाऊन राहिल्या होत्या?"

असला प्रश्न विचारणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. कवडूनं मात्र तो फार गंभीरपणे घेतला आणि डोळे मिटून आठवलं. "टेबलावरून खालच्या खणात. खणाले कुलूप होतं."

संध्याकाळी मी बाईंबरोबर नंदनवनात गेलो. नको म्हणायची सोय नव्हती, कारण माझंही नाव पणाला लागलं होतं. संस्थेचे सचिव ताराचंद, काटोलच्या संत्राबाजारात अडत्या म्हणून वावरलेले गृहस्थ, विहिरीच्या कठड्यावर बसून आम्हाला उपदेश करू लागले. विहीर त्यांनी पुढाकार घेऊन खणवली होती, पूजा त्यांच्या हातून झाली होती, आणि आता तिला नाव ठेवणारा प्रत्येक माणूस त्यांना शत्रू वाटत होता.

"तुम्ही त्या शनिवारी आमच्याकडे आला होता का?" मी विचारलं.

"आलो होतो. मग? रिपोर्ट कुठवर आला ते विचाराले आलो होतो. तुमच्या लॅबमध्ये फिरलो पन. ती वही उघडीच होती टेबलावर, नंदनवन लिहिलं होतं, अठरा लिहिलं होतं. मी तेव्हाच समजलो, पास झाली विहीर."

माझे कान टवकारले. वही पाहिलेला, अठरा वाचलेला आणि विहीर पास व्हावी म्हणून उतावीळ झालेला माणूस समोर बसला होता. मी बाईंकडे अर्थपूर्ण नजर टाकली. त्यांनी ती घेतली नाही.

"वहीत हार्डनेस किती होता, आठवते का?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचा जडपणा? सतरा. सतरा अन् अठरा, लागोपाठ होते, म्हणून ध्यानात राहिलं."

"अन् मग तुम्ही काय केलं?"

"साहेबाकडे गेलो. भला माणूस आहे. उन्हातून आलो म्हणून समोरच्या रसवंतीतून दोन गिलास उसाचा रस मागवला. एक मले, एक त्याईले. मी माहा पिऊन निघालो. त्याईचा भरलेलाच होता."

परत येताना मी म्हणालो, "बाई, चोर सापडला. ताराचंद."

"अनंता," बाई म्हणाल्या, "तू गणितात कच्चा आहे."

४

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाई माझ्या टेबलासमोर स्टूल ओढून बसल्या. प्रेमिलाताई आणि कवडूही आले. बाईंनी वही आणि खोटा अहवाल शेजारी ठेवले.

"तुम्ही सगळे त्या नायट्रेटच्या अठराकडे पाहून राहिले. त्याच्या वरची ओळ कोणी पाहिली का? वहीत जडपणा सतरा. रिपोर्टात किती?"

मी वाचलं. "तीनशे चाळीस."

"सतराचे तीनशे चाळीस कसे झाले, प्रेमिला?"

"वीसनं गुणून, बाई. वहीत आम्ही नळीतून किती द्रावण सुटलं ते लिहितो. सतरा मिलिलिटर. पाणी पन्नास मिलिलिटर घेतलेलं असते, म्हणून लिटरमागे काढायचं तर गुणिले वीस." बोलता बोलता त्या थांबल्या. "म्हणजे ज्यानं हे लिहिलं त्याले वीस माहीत होते."

"वीस माहीत होते, चार पूर्णांक त्रेचाळीस नाही. आता मोजा माणसं." बाई वर्गात बोलावं तसं बोलू लागल्या. "ताराचंदनं नक्कल केली असती तर सतराच लिहिले असते, अन् अठराच. त्याले कोणताच गुणाकार ठाऊक नाही. कवडूचं तेच. अनंता, तुह्याकडे पक्का तक्ता येते, गुणाकार झालेला. तू वही कधी उघडली?"

"कधीच नाही. मला तर कालच कळलं की तिच्यात वेगळे आकडे असतात."

"म्हणून तू पन सतराच लिहिले असते. प्रेमिलानं लिहिलं असतं तर दोन्ही गुणाकार केले असते. दोन्ही न करणारे तीन झाले, दोन्ही करणारी एक. अन् आपला माणूस एक करते, एक करत नाही."

"पण असा अर्धवट रसायन शिकलेला कोण आहे इथं?" मी विचारलं.

"अर्धवट कोनं म्हटलं? पुरा शिकलेला आहे. पन कधी शिकला, ते पाहा लागन. प्रेमिला, हे चार पूर्णांक त्रेचाळीस तुमच्या इथं केव्हापासून आहे?"

"मी आली तेव्हा होतंच. नमुना बदलला तेव्हापासून, चार-पाच वर्षं झाली म्हणतात. त्याच्या पहिले अहवालात पण नायट्रोजनच देत होते, मर्यादेचा रकानाच नव्हता."

"कवडू, बारा-पंधरा वर्षं जुना रजिस्टर आहे का रे कोठे?"

कवडू अडगळीच्या खोलीत गेला आणि खोकत परत आला. १९७१ सालचं रजिस्टर होतं, पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला. बाईंनी मधलं एक पान उघडलं. जडपणा, एकवीस मिलिलिटर, पुढे गुणिले वीस, चारशे वीस. नायट्रेट, सहा. अहवालाच्या रकान्यातही सहा. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच. प्रत्येक पानाच्या तळाशी तपासनिसाची एकच लपेटदार सही होती.

ती सही आम्ही चौघांनी वाचली आणि कोणी मोठ्यानं वाचली नाही. कारण ती सही मी रोज तीस वेळा पाहतो, अहवालांच्या उजव्या कोपऱ्यात.

५

साहेबांच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा बारा वाजले होते. मला वाटलं होतं, बाई आता रजिस्टर टेबलावर आपटतील. त्यांनी ते पदराआड ठेवलं आणि वहीतलं नंदनवनचं पान साहेबांसमोर उघडलं.

"गोपाळराव, एक उदाहरण सोडवून द्या. या पानावरून रिपोर्ट कसा बनते, ते मले लिहून दाखवा."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग प्रेमिलाताईंकडे. मग खिशातलं पेन काढलं. जडपणा सतरा, त्यांच्या हातानं विचार न करता तीनशे चाळीस लिहिलं. वर्षानुवर्षांची सवय होती ती. पुढच्या ओळीवर पेन टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

"मीच लिहिला तो अहवाल," साहेब म्हणाले.

त्यांनी किल्ली काढून खालचा खण उघडला. आत फाईल होती, उसाच्या रसानं भिजून वाळलेली, कडक, पापडासारखी. तिच्यावर आठ-दहा मुंग्या अजून काम करत होत्या. वरच्या पानावर माझं टायपिंग होतं, भोकं नसलेलं, पण आकड्यांच्या पहिल्या ओळीपासून खाली कागद चिकटून अक्षरं उखडली होती आणि नुसता हिरवट डाग उरला होता. प्रेमिलाताईंचा तक्ताही लगदा झालेला.

"ताराचंद गेला आणि माझा हात लागला गिलासाला. सगळी फाईल भिजली. न वाचताच भिजली, मी तो निकाल पाहिलासुद्धा नव्हता. मीच परिपत्रक काढलेलं. सोमवारी तुम्हाला काय तोंडानं सांगणार होतो की साहेबांनी टेबलावर रस सांडला? म्हटलं, वही आहे, टाइपरायटर आहे, आपण काय कमी तपासण्या केल्यात. दोन बोटांनी टाइप करायला तीन तास लागले. देवाशपथ सांगतो, मला वाटलं जशीच्या तशी नक्कल केली. समोर पंचेचाळीस छापलेलं होतं, अठरा त्याच्या आत होते, योग्य लिहिलं."

"आणि काल?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

साहेबांनी खण हळूच ढकलून बंद केला.

"काल मी चार पूर्णांक त्रेचाळीस म्हटलं, तेव्हा तुम्हाले समजलं, सर. त्याच वेळी समजलं. आणि त्याच्यानंतर तुम्ही मला समज देऊन राहिले होते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, दोन्ही भरपूर. "रस सांडला, त्याचं मले काही नाही. जुन्या सवयीनं आकडा चुकला, ते पण समजते. पण रात्रभर मी विचार करत होती की बाबाले काय सांगू. तुम्हाले माहीत होतं मी खरी आहे, आणि तुम्ही घरी जाऊन झोपले."

"झोपलो नाही," साहेब म्हणाले. "पण त्यानं तुमचं काही भलं झालं नाही, हे खरं."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाऊण झाला होता. मनकर्णाबाई आता मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. उदाहरण सुटलं की शिक्षक फळ्यापासून दूर होतो, तशा.

"अनंत, मशीनवर बस," साहेब म्हणाले. "मी सांगतो तसं टाइप कर."

त्यांनी उभं राहून दोन कागद सांगितले. पहिल्यात, नंदनवनच्या विहिरीचा अहवाल आपण स्वतः चुकीचा तयार केला, श्रीमती मेश्राम यांचा निष्कर्ष अचूक होता, आणि आपण सत्य कळल्यानंतरही एक दिवस गप्प बसलो, असं होतं. तो वरच्या कार्यालयाला. मी मध्येच थांबलो. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या माणसानं असं पत्र पाठवायचं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

"साहेब, एक दिवस गप्प बसलो, हे वाक्य गाळू का?"

"तू टंकलेखक आहेस, अनंत. सांगितलं तेवढं टाइप कर."

दुसरा कागद प्रेमिलाताईंना सेवेत कायम करण्याची शिफारस होती. पहिलं पत्र तिच्या पाठीशी जोडलं. दोनला पाच मिनिटं कमी असताना कवडू लिफाफा घेऊन सायकलवरून निघाला. प्रेमिलाताईंनी दोन्ही कागद त्याआधी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचले होते.

६

मला वाटलं, विहीर बंद करण्याचं पत्र साहेब नेहमीसारखं टपालानं पाठवतील. त्यांनी रिक्षा बोलावली. साहेब आणि मनकर्णाबाई रिक्षात, प्रेमिलाताई बाटल्यांच्या पिशवीसह तिसऱ्या, आणि मी मागून सायकलवर.

बातमी आमच्याआधी पोचली होती. विहिरीभोवती तीस-चाळीस माणसं जमली होती, बायका जास्त. ताराचंद पुढेच उभे होते. प्रेमिलाताईंना उतरताना पाहून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हीच ना ती मॅडम? हिनंच पास केली अन् आता हीच नापास कराले आली. ह्या लोकाईच्या सहीवर भरोसा ठेवला आपण."

बायकांमध्ये कुजबुज झाली. एकीनं कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि प्रेमिलाताईंकडे असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं. प्रेमिलाताईंनी पिशवीचा बंद घट्ट धरला.

साहेब कठड्यापाशी गेले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"पहिल्या दिवशी ह्या बाईंनी तुमच्या विहिरीला अयोग्य म्हटलं होतं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, पण ऐकू येत होता. "मी त्यांचा कागद खराब केला आणि नवा चुकीचा लिहिला. योग्य म्हणणारा मी. मनकर्णाबाईंचा नातू आजारी पडला, तो माझ्यामुळे. ह्यांचा आकडा तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे. ज्याला बोलायचं असेल त्यानं मला बोला."

ताराचंदांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं आणि जरा बाजूला झाले.

मग ती पोर कडेवर घेतलेली बाई पुढे आली. ती साहेबांकडे गेली नाही. सरळ प्रेमिलाताईंसमोर उभी राहिली. "उकळून देलं तर चालन का, ताई?"

"नाही. उकळल्यानं पाणी आटते आणि नायट्रेट तेवढंच राहते, म्हणजे अजून वाढते. लहान लेकरांचं दूध, आपला स्वयंपाक, पिणं, सगळं नळाच्या पाण्यानं. धुणंभांडी अन् झाडाले ही विहीर चालते."

"अन् माह्या पोटात आहे, तर मी पिऊ का?" दुसरीनं विचारलं.

"तुम्ही पण नका पिऊ."

"आमच्या मागच्या गल्लीत जुनी विहीर आहे, ताई. तिचं पानी गोड आहे, पन कोनी तपासलं नाही."

"दाखवा मले."

बघता बघता त्यांच्याभोवती कोंडाळं झालं. प्रत्येकीच्या घरची, माहेरची, मावशीच्या गावची विहीर निघू लागली. प्रेमिलाताई एकेकीला उत्तर देत त्या गल्लीकडे चालू लागल्या. एका हातात वही, दुसऱ्यात पेन, आणि पदराला एक पोरगी लटकलेली. बाटल्यांची पिशवी कठड्यावरच राहिली. मी ती घ्यायला वाकलो, पण साहेबांचा हात आधी पोचला.

"तू राहू दे, अनंत," ते म्हणाले आणि पिशवी खांद्याला अडकवून उन्हातून त्यांच्या मागे मागे गेले.